एक नंबर थंड

रिक्षा मिसिंग मारायला लागली की मेकॅनिकचा हात सगळ्यात आधी प्लगकडे जातो. भिवंडीत कामतघरला वऱ्हाळा तलावावरून अंजूरफाट्याकडे जाताना रस्त्याकडेच्या कुठल्याही गॅरेजात हे बघायला मिळेल. प्लग पाना लावायचा, प्लग काढायचा, उजेडात धरून टोकाचा रंग बघायचा. काळं असेल तर पॉलिश पेपर मारायचा, पांढरंफटक असेल तर कपाळाला आठी घालायची. प्लग बघून इंजिनाचं दुखणं ओळखण्याची ही विद्या जुनी आहे आणि आजही खोटी ठरलेली नाही. पण त्याच गॅरेजात एखादा मुलगा जुनी सेडान घेऊन येतो, तिला ताकद वाढवणाऱ्या नायट्रस वायूची बाटली जोडायची असते आणि कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं, "प्लग एक नंबर थंड टाक." सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवरचा माणूस विचारतो, "म्हणजे आकडा वर की खाली?" तिथे गाडी अडते.

त्याहून मोठा गैरसमज म्हणजे थंड प्लगची ठिणगी जोरदार असते आणि त्याने पिकअप वाढतो. ठिणगीचा जोर ठरतो कॉइल आणि प्लगच्या दोन टोकांमधल्या गॅपवर. थंड प्लगमुळे अर्धा हॉर्सपॉवरही वाढत नाही. थंड आणि गरम हे शब्द फक्त एवढंच सांगतात की प्लगच्या टोकाला लागलेली उष्णता सिलिंडर हेडपर्यंत किती झटपट पोचते.

प्लगच्या मधोमध पांढऱ्या चिनीमातीसारखा भाग दिसतो तो ॲल्युमिनाचा इन्सुलेटर. ज्वलनकक्षात डोकावणारं त्याचं टोक म्हणजे नाक. हे नाक लांब असेल तर उष्णतेला टोकापासून धातूच्या कवचापर्यंत लांबचा रस्ता पडतो, टोक तापलेलं राहतं. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लगेच कवचात, तिथून आट्यांतून हेडमध्ये आणि हेडमधून कूलंटमध्ये उतरते. हा थंड प्लग. बाहेरून दोघं जुळे भाऊ वाटतात. आटे तेच, पाना तोच, लांबी तीच. फरक आत डोकावून नाकाभोवतीची पोकळी किती खोल आहे हे पाहिल्यावरच कळतो.

टोकाला जगायला एक पट्टा ठरलेला आहे. साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की टोकावर बसलेली काजळी जळून जाते, प्लग स्वतःला स्वच्छ ठेवतो. त्याच्या खाली राहिलं तर काजळी साचते. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन वीज वाहून नेतो. मग ठिणगी गॅपमध्ये पडण्याऐवजी वीज नाकावरूनच कवचाकडे झिरपते. याला आपल्याकडे 'प्लग शॉर्ट झाला' म्हणतात. दुसऱ्या बाजूला ८०० ते ८५० अंशांच्या पुढे टोक इतकं लालबुंद होतं की ठिणगी पडायच्या आतच मिश्रण पेट घेतं. पिस्टन अजून वर चढत असताना डोक्यावर आग. याला प्रीइग्निशन म्हणतात. यात आवाज येईलच असं नाही, त्यामुळे चालवणाऱ्याला सुगावाही लागत नाही, आणि काही सेकंदांत ॲल्युमिनियमच्या पिस्टनला भोक पडू शकतं. नॉकिंग वेगळं. तिथे ठिणगी वेळेवर पडते, पण कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्वाला पोचायच्या आधी दाबाने आपोआप फुटतं आणि टकटक ऐकू येते. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात: नॉकिंगने टोक तापतं, तापलेलं टोक प्रीइग्निशनला आमंत्रण देतं.

हे सगळं मागच्या पिढीला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. टू-स्ट्रोक स्कूटरच्या काळात डिकीत एक जादा प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा आणि पाना हा सरंजाम असायचाच. गावात रमतगमत फिरणाऱ्या स्कूटरचा प्लग तेलाने काळा व्हायचा, तर तीच स्कूटर दोन माणसं बसवून कसारा घाट चढवली की तो पांढरा पडायचा. गावासाठी गरम, लांब पल्ल्यासाठी थंड, असं जाणकार सांगायचे. प्लग बहुधा मायकोचा असायचा. मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ साली बंगळुरात सुरू झाली, २००८ साली तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण जुने मेकॅनिक अजूनही डबीवर बॉश वाचतात आणि मायको म्हणतात.

काउंटरवरचा घोळ इथूनच सुरू होतो. मायकोच्या जुन्या प्लगवर तीन आकडी अंक असायचे: १७५, २२५, २४०. अंक मोठा तितका प्लग थंड. पुढे बॉशने एक आकडी पद्धत आणली आणि दिशा उलटवली. जुना १७५ नव्या पद्धतीत ७ झाला, २२५ झाला ५. म्हणजे आता अंक लहान तितका प्लग थंड. चॅम्पियन कंपनीची चालही हीच. जपानची एनजीके मात्र नेमकी उलट चालते, तिथे अंक वाढला की थंडपणा वाढतो. बॉशचा ७ आणि एनजीकेचा ६ साधारण एका पातळीवर येतात. आता ज्याच्या गाडीत बॉशचा ७ आहे त्याने 'एक नंबर थंड' म्हणून ८ मागितला, तर तो हातात पैसे देऊन गरम प्लग घेऊन जातो. नायट्रसच्या गाडीत ही चूक पिस्टनवर बेतते. म्हणून तोंडी आकडा सांगू नये, जुना प्लग खिशात घालून न्यावा आणि पूर्ण कोड वाचून घ्यावा.

एनजीकेचा बीकेआर६ई-११ हा कोड नमुन्यादाखल घेऊ. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, के म्हणजे १६ मिलिमीटरचा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, ६ हा उष्णतेचा अंक, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे आणि शेवटचे ११ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप. थंड करायचा तर फक्त ६ च्या जागी ७ यायला हवा. त्यातली ई बदलली तर प्रकरण भलतीकडे जातं: आटे लांब झाले तर प्लग पिस्टनला भिडू शकतो, आखूड झाले तर हेडमधले उघडे आटे काजळीने भरतात आणि तापतात. रेझिस्टर गेला तर रेडिओ खरखरतो आणि इंजिन सांभाळणारा संगणक, म्हणजे ईसीयू, बावचळू शकतो.

आता नायट्रसकडे. नायट्रस ऑक्साइड हा वायू जोसेफ प्रीस्टलीने १७७२ साली वेगळा केला. तोंडी लागलेलं नाव लाफिंग गॅस. इस्पितळांच्या ऑपरेशन थिएटरात निळ्या सिलिंडरमध्ये तो भूल देण्यासाठी ठेवलेला असतो. इंजिनात त्याचा वापर दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी जीएम-१ या नावाने केला. उंचावर हवा विरळ होऊन विमानाचा दम कमी पडायचा, तिथे हा वायू सोडत. ब्रिटिशांनीही मॉस्किटो विमानांवर तो वापरला. मोटारींसाठी तयार किट विकणारी एनओएस कंपनी अमेरिकेत १९७८ ची, आणि आपल्याकडच्या पोरांना हे वेड लावलं ते २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस' या सिनेमाने.

हा वायू स्वतः जळत नाही. इंजिनात साधारण ३०० अंशांवर तो फुटतो आणि नायट्रोजन व ऑक्सिजन मोकळे होतात. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. ऑक्सिजन जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं. सगळी ताकद त्या जास्तीच्या पेट्रोलची. आता गंमत अशी की नायट्रस बाटलीतून द्रवरूपात येतो आणि इनटेकमध्ये सुटताना त्याचं तापमान उणे ८८ अंशांच्या आसपास असतं. आत येणारी हवा गार आणि दाट होते. मग गार वायू सोडलेल्या इंजिनाला थंड प्लग कशाला? कारण गारवा इनटेकपुरता. तेवढ्याच सिलिंडरमध्ये, तेवढ्याच वेळात दीडपट इंधन जळू लागलं की दाब आणि तापमान दोन्ही चढतात, आणि त्या कक्षातला सगळ्यात नाजूक, सगळ्यात पुढे आलेला तुकडा म्हणजे प्लगचं टोक. चुलीतल्या जाळात सळईचं टोक सगळ्यात आधी लाल होतं, तसंच.

किती थंड, याचा रूढ आडाखा असा: मूळ ताकदीत दर ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढवले की एक नंबर थंड. आडाखा चांगला आहे, पण तो मुख्यतः अमेरिकेतल्या आठ सिलिंडरच्या मोठ्या इंजिनांच्या जगात रुळलेला आहे, आणि आपल्याकडे तो गणित न करता उचलला जातो. तिथे १०० हॉर्सपॉवर आठ प्लगांत वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला साडेबारा. आपली जुनी दीड लिटरची चार सिलिंडर सेडान धरा, मूळची ताकद शंभराच्या आसपास. तिला ५० चा शॉट, म्हणजे नायट्रसने ५० हॉर्सपॉवरची वाढ, दिला तरी प्रत्येक सिलिंडरवर साडेबाराच वाढतात, आणि प्रत्येक सिलिंडरची मूळ कमाई पंचवीसच आहे. एकदम निम्म्याने वाढ. म्हणून माझं मत असं: आडाख्यानुसार ५० च्या शॉटला प्लग बदलायची गरज दिसत नसली तरी चार सिलिंडरच्या गाडीत एक नंबर थंड घ्यावाच. ७५ च्या पुढे दोन नंबरांचा विचार करावा. पण तिथे मूळचे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड टिकतील का हा प्रश्न प्लगच्या आधी येतो.

दोन-तीन नंबर थंड टाकून निर्धास्त होण्याचा मोह पुष्कळांना होतो. जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित, हा हिशेब भिवंडीत चालत नाही. धामणकर नाक्यावर सूत आणि कापडाच्या ट्रकांमागे अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीत टोक ४५० अंशांपर्यंत पोचतच नाही. काजळी धरते, सकाळी गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरते, पेट्रोल वाया जातं. आणि असा काळवंडलेला प्लग नायट्रस सोडल्यावर नेमका दगा देतो: एका सिलिंडरने मिसिंग मारलं तर न जळलेलं मिश्रण इनटेक किंवा एक्झॉस्टमध्ये भडकू शकतं. नायट्रसची गाडी आयुष्यातली बहुतेक मिनिटं नायट्रसशिवायच धावते हे विसरून चालत नाही. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या ड्रॅग शर्यती भरवल्या गेल्या आहेत. अशा ठिकाणी बाटली उघडी असते ती एका धावेत दहा-पंधरा सेकंद. म्हणून शहाणे लोक दोन संच ठेवतात. येण्या-जाण्याला कंपनीचे प्लग, धावपट्टीवर पोचल्यावर थंड. चार प्लग बदलायला इंजिन थोडं निवलं की वीस मिनिटं पुरतात. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग ओढला तर आटे येतात, एवढी सबुरी हवी.

नंबराइतकाच महत्त्वाचा, पण क्वचितच कुणी विचारतो असा भाग म्हणजे प्लगच्या तोंडावर वाकवलेली अर्थिंगची पट्टी. आजच्या गाड्यांचे प्लग कक्षात बरेच पुढे आलेले असतात, त्यामुळे मायलेज आणि प्रदूषणाचं गणित जमतं. पण पुढे आलेल्या टोकाला लांब पट्टी लागते, आणि लांब, बारीक पट्टीला लागलेली उष्णता लवकर उतरत नाही. इन्सुलेटर थंड नंबराचा असला तरी ही पट्टी स्वतःच लाल होऊन मिश्रण पेटवू शकते. पुष्कळदा लोक नंबर बदलत राहतात आणि दोष असतो पट्टीचा. म्हणून नायट्रसला प्लग घेताना नाक फार पुढे न आलेला, आखूड आणि जाड पट्टीचा घ्यावा. महागडा इरिडियम घेतला म्हणजे काम झालं असंही नाही. इरिडियम फारसा झिजत नाही, कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी देतो, हे खरं. पण शर्यतीचा प्लग काही लाख किलोमीटर चालवायचा नसतो, आणि निकेलचा साधा प्लग वाचायला सोपा, बदलायला स्वस्त.

गॅपचंही तसंच. दाट मिश्रणातून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल तेवढं देऊ शकली नाही तर ठिणगी विझते, आणि चालवणाऱ्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. १.१ मिलिमीटरचा गॅप नायट्रससाठी ०.८ ते ०.९ वर आणतात. भिवंडीच्या मेकॅनिकला हे नवं नाही. पेट्रोलची गाडी सीएनजीवर केली की तो गॅप कमी करतोच, कारण सीएनजीच्या मिश्रणालाही ठिणगीसाठी व्होल्टेज जास्त लागतं. फक्त गॅप फीलर गेजने मोजावा, नखाने किंवा ब्लेडने नव्हे, आणि बारीक तारेच्या इरिडियमवर गेज दाबू नये, टोक तुटतं.

प्लग घट्ट किती करायचा? १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर हाताने बसेपर्यंत फिरवून, नवा प्लग असेल तर पुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. ही बाब क्षुल्लक वाटते, पण उष्णता बाहेर जाण्याचा मुख्य रस्ता आटे आणि वॉशर हाच आहे. ढिला राहिलेला थंड प्लग गरम प्लगासारखा वागतो.

हवामानाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण नायट्रसच्या पाश्चात्त्य सल्ल्यांत बाटली तापवायच्या हीटरचं कौतुक असतं आणि ते वाचून इथली मुलं हीटरची चौकशी करतात. बाटलीत २० अंशांना दाब ५० बारच्या जवळ असतो, ३० अंशांना ६३ च्या आसपास. किट बहुधा ९०० ते ९५० पीएसआय, म्हणजे ६२ ते ६५ बारला नेमून दिलेलं असतं. ३६.४ अंश हे नायट्रसचं क्रांतिक तापमान. त्याच्या वर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, आणि बाटलीच्या तळातून द्रव उचलणारी आतली नळी नेमकं काय उचलते आहे याचा भरवसा राहत नाही. मे महिन्यात कामतघरला दुपारी उघड्यावरच पारा तिथवर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या बंद डिकीची तर गोष्टच नको. दाब वाढला की त्याच जेटमधून नायट्रस जास्त सुटतो, पेट्रोलचा पंप मात्र ठरलेलंच पेट्रोल देतो, मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रणात प्लगचं टोक तापतं. सकाळी बरोबर वाटलेला प्लग दुपारी कमी पडतो तो असा. इथे हीटरपेक्षा ओलं फडकं आणि प्रेशर गेज कामाचे. जादा दाबाला फुटणारी सुरक्षा चकती फुटून बाटली डिकीत मोकळी झाली तर आत बसलेल्या माणसाला ऑक्सिजनच कमी पडतो, म्हणून त्या चकतीचं तोंड गाडीबाहेर काढलेलं असावं.

ठिणगीची वेळही मागे घ्यावी लागते, दर ५० हॉर्सपॉवरमागे साधारण २ अंश. वाढीव ऑक्सिजनमुळे ज्वाला वेगाने पसरते, तिला आधी सुरुवात करून द्यायची गरज नसते. आणि पेट्रोल जास्त ऑक्टेनचं हवं. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये ज्या दहा शहरांत आलं त्यांत मुंबई आणि पुणे होती. साध्या पेट्रोलवर थंड प्लग टाकून नॉकिंग थांबवू, असा विचार करणाऱ्याने पैसे पिस्टनसाठी बाजूला काढून ठेवावेत.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांत बदल करायला परवानगी नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं कलम १८९ खाली गुन्हा आहे. दाबाखालच्या वायूच्या सिलिंडरांना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू होतात आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. इस्पितळासाठीचा वायू कुणीतरी 'सोय करून' देतो म्हणाला तर त्या वाटेला जाऊ नये. तेव्हा वर जे काही लिहिलं ते बंद धावपट्टीवरच्या गाडीसाठी. अंजूरफाट्याच्या उड्डाणपुलांसाठी किंवा नाशिक महामार्गासाठी नव्हे.

शेवटी निवड बरोबर आहे की नाही हे प्लगच सांगतो, पण त्याला विचारायची पद्धत आहे. नवा प्लग लावून एक पूर्ण धाव मारायची, शेवटच्या रेषेवर क्लच दाबून तिथेच इग्निशन बंद करायचं आणि गाडी ढकलत आणायची. आयडलवर परत चालवत आणलेल्या गाडीचा प्लग धावेबद्दल काहीच सांगत नाही, फक्त परतीबद्दल सांगतो. मग भिंग घेऊन बघायचं. नंबर योग्य असेल तर कवचाच्या टोकाकडच्या दोन-तीन आट्यांचाच रंग तापून बदललेला दिसतो. त्याहून जास्त आटे बदलले असतील तर प्लग गरम पडतोय, एखादाच बदलला असेल तर उगाच थंड घेतला आहे. अर्थिंगच्या पट्टीवर तापण्याची एक निळसर रेघ उमटते. ती वाकणाच्या जवळ असेल तर ठिणगीची वेळ ठीक. रेघ पट्टीच्या बुंध्याकडे सरकली असेल तर वेळ फार पुढे आहे, आणखी मागे घ्यावी. पांढऱ्या नाकावर मिरपुडीसारखे काळे कण दिसले तर नॉकिंग सुरू झालेलं आहे. आणि त्या कणांत चंदेरी बारीक मणी चमकले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. अशा वेळी पुढचा थंड नंबर शोधत बसू नये. बाटलीचा व्हॉल्व्ह बंद करावा, पेट्रोलचा दाब आणि फिल्टर तपासावेत, आणि कंप्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजावेत.